नियंत्रित दस्तऐवजांची मंजुरी आणि वितरण : जुनी प्रत परत हातात येईपर्यंत

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या प्रेस पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती मंजूर होते, तीन सह्या होतात, फाइल सर्व्हरवर चढते आणि तरीही दुसऱ्या पाळीत जुन्याच मापाचे पार्ट निघत राहतात, कारण मशिनला अडकवलेली लॅमिनेट केलेली प्रत काढायला कोणी गेलेलेच नसते. मंजुरी आणि वितरण या दोन स्वतंत्र घटना आहेत, आणि चुका बहुधा त्या दोहोंच्या मधल्या काळात घडतात. पुढील मांडणी मध्यम आकाराचा अभियांत्रिकी कारखाना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे.

सर्वप्रथम नियंत्रणाखाली काय आणायचे, म्हणजे कोणत्या कागदांची मंजुरी, आवृत्ती आणि प्रती यांचा हिशेब ठेवायचा, ते ठरवावे. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत गुणवत्ता पुस्तिका आणि सहा लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या. २०१५ च्या आवृत्तीने ही सक्ती काढून टाकली आणि कलम ७.५ मध्ये ओळख, तपासणी, मंजुरी, उपलब्धता आणि बदलांचे नियंत्रण अशा अपेक्षा ठेवल्या. तरीही अनेक ठिकाणी कॅन्टीनच्या वेळापत्रकालाही दस्तऐवज क्रमांक दिलेला आढळतो. ज्या कागदाची चुकीची आवृत्ती वापरल्यास पार्ट, मोजमाप किंवा माणसाची सुरक्षितता बिघडेल, तो कागद नियंत्रित करावा. बाकीच्यांना क्रमांक देण्याचा मोह आवरावा.

क्रमांकात विभाग, प्रकार आणि अनुक्रम पुरेसा असतो. रिव्हिजन, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, त्या क्रमांकाचा भाग करू नये, नाहीतर प्रत्येक बदलानंतर इतर कागदांतील संदर्भ चुकीचे ठरतात. मास्टर लिस्ट, म्हणजे सर्व नियंत्रित कागदांची यादी, एकच असावी आणि तीत चालू रिव्हिजन, लागू होण्याची तारीख, मंजुरी देणारा अधिकारी आणि कोणती प्रत कोणत्या जागी आहे, हे चारही तपशील असावेत. यांतला शेवटचा तपशील बहुतेक याद्यांत नसतो, आणि वितरणाच्या दिवशी नेमका तोच लागतो.

बदलाची मागणी कोणालाही करता यावी, ऑपरेटरलासुद्धा, पण ती लेखी असावी आणि तीत कारणाबरोबरच या बदलामुळे आणखी कोणते कागद बदलावे लागतील हे नमूद व्हावे. हा रकाना घाईने भरला जातो आणि पुढच्या बहुतेक अडचणी इथेच रुजतात. समजा, ड्रॉइंगमध्ये एका छिद्राचे माप ८.२ वरून ८.५ मिलिमीटर झाले. त्याबरोबर कंट्रोल प्लॅन (कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे याचा आराखडा), वर्क इन्स्ट्रक्शन (कामाची लेखी सूचना), तपासणी तक्ता, कदाचित पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकते याचे विश्लेषण) आणि निश्चितच छिद्राचे माप तपासणारे प्लग गेज बदलते. ड्रॉइंग नव्या रिव्हिजनचे आणि तपासणी तक्ता जुन्या रिव्हिजनचा असेल, तर निरीक्षक चांगला माल नाकारतो किंवा वाईट माल पुढे पाठवतो. म्हणून हे सर्व कागद एका बदल क्रमांकाखाली बांधावेत आणि गठ्ठ्यानेच मंजूर करावेत. बदल ग्राहकाकडून आला असेल आणि कंपनी वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मानकाखाली येत असेल, तर सूचना मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत त्याचा आढावा पूर्ण व्हावा अशी त्या मानकाची अपेक्षा आहे. त्यामुळे ग्राहकाच्या ईमेलची आवक तारीख नोंदवून ठेवावी.

मसुदा लिहिणाऱ्याने स्वतःच त्याला मंजुरी देऊ नये. तपासणी मात्र प्रत्यक्ष वापरणाऱ्याकडून व्हावी, म्हणजे लाइन सुपरवायझरने तो मसुदा मशिनजवळ उभे राहून वाचावा. कार्यालयात निर्दोष वाटणारी सूचना तिथे अनेकदा अडखळते. सह्या तीनपेक्षा जास्त नसाव्यात, कारण चौथा सही करणारा पहिल्या तिघांवर विसंबतो आणि पहिले तिघे चौथ्यावर. प्रत्येक मंजुरी अधिकाऱ्याचा पर्यायी अधिकारी आधीच लेखी ठरलेला असावा, अन्यथा मालक परगावी गेले की आठवडाभर काहीच हलत नाही. शाईची सहीच हवी असे मानक म्हणत नाही. कोणी आणि केव्हा मंजूर केले याची संगणकीय नोंदही चालते, मात्र पासवर्ड दोघांत वाटलेला असेल किंवा सहीचे चित्र वर्ड फाइलमध्ये चिकटवलेले असेल, तर त्या मंजुरीला अर्थ उरत नाही.

मंजुरीची तारीख आणि लागू होण्याची तारीख वेगवेगळ्या लिहाव्यात. त्या मधल्या दिवसांत नवे गेज तयार होते, पाळीनुसार प्रशिक्षण होऊन त्याची नोंद राहते, आणि जुन्या रिव्हिजनचा जो माल भांडारात व लाइनवर आहे तो वापरायचा, दुरुस्त करायचा की भंगारात काढायचा, याचा निर्णय होतो. ऑपरेटरसाठी मराठी किंवा हिंदी भाषांतर असेल तर त्यावर मूळ कागदाचीच रिव्हिजन असावी आणि तेही त्याच दिवशी बदलावे.

प्रत्यक्ष वितरणाचा नियम साधा आहे : जुनी प्रत घेतल्याशिवाय नवी देऊ नये. प्रत्येक नियंत्रित प्रतीवर रंगीत शिक्का आणि प्रत क्रमांक असावा, म्हणजे झेरॉक्स लगेच ओळखू येते. परत आलेल्या प्रती फाडाव्यात, मूळ जुनी प्रत ‘रद्द’ असा शिक्का मारून वेगळी ठेवावी. सर्व्हरवर मंजूर फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार फक्त दस्तऐवज नियंत्रकाकडे असावा, इतरांना केवळ वाचता यावे. सर्व प्रती परत येऊन मास्टर लिस्ट अद्ययावत झाल्यानंतरच तो बदल बंद झाला असे मानावे.

तातडीने तात्पुरता बदल करावा लागतो, हे वास्तव आहे. त्यासाठी वेगळा विचलन अर्ज, म्हणजे मंजूर कागदापेक्षा तात्पुरते वेगळे काम करण्याच्या परवानगीचा अर्ज, ठेवावा आणि त्यावर नगसंख्या किंवा अंतिम तारीख छापील असावी. मुदत नसलेले विचलन वर्षभर भिंतीवर राहते.

महिन्यातून एकदा नियंत्रकाने कारखान्यात फिरावे आणि दिसेल तो कागद उचलून मास्टर लिस्टशी ताडून पाहावा. यादी हातात घेऊन कागद शोधत फिरल्यास यादीत नसलेला कागद कधीच सापडत नाही. टूल रूमचे खण, लॉकरची आतली बाजू आणि मोबाइलमधले ड्रॉइंगचे फोटो यांचीही विचारपूस करावी. एखाद्या प्रतीवर पेनाने माप खोडून दुसरे लिहिलेले दिसले, तर रागावण्यापूर्वी कारण विचारावे, कारण पुष्कळदा तो ऑपरेटर बरोबर असतो आणि चूक मंजूर झालेल्या कागदात असते. ती प्रत ताब्यात घेऊन त्याच जागी बदलाची मागणी भरून घ्यावी.