छोट्या विद्यापीठाचं मैदान सुधारताना पैसा आधी जमिनीखाली घाला

जोरदार पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने मैदानाचा नकाशा, पेन्सिल आणि पट्टी घेऊन एक फेरी मारा. पाणी कुठे साचलंय, किती खोल आहे, कुठून येतंय ते नकाशावर काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा आणि जी डबकी अजून तशीच आहेत त्यांना वर्तुळ करा. सुधारणेचा आराखडा या कागदापासून सुरू व्हायला हवा. गॅलरीच्या रंगीत चित्रापासून नको.

छोट्या विद्यापीठाकडे बहुतेक वेळा एकच मोठं मैदान असतं आणि पैसाही एकदाच मिळतो. अशा वेळी आधी गॅलरी बांधायचा मोह होतो, कारण ती लांबून दिसते. पण गॅलरी उभी राहिली, पुढे ट्रॅकही झाला आणि मग निचऱ्यासाठी चर खणायची वेळ आली, की नवा ट्रॅक फोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. क्रम असा ठेवा: पाणी बाहेर जायची वाट, जमिनीखालचे सगळे पाइप, दिव्यांच्या खांबांचे पाये, गॅलरीचं काँक्रीट, ट्रॅकखालची खडी, डांबर, मधलं मैदान. ट्रॅकचा वरचा कृत्रिम (रबरी) थर टाकायचा तो अवजड वाहनं कायमची बाहेर गेल्यावरच. खुर्च्या दोन वर्षांनी आल्या तरी कुणाचं काही अडत नाही.

पाणी

आठ लेनच्या प्रमाणित ट्रॅकचं क्षेत्रफळ सुमारे ४,१८५ चौरस मीटर भरतं. त्यावर तासाभरात २५ मिमी पाऊस पडला तर १ लाख लिटरहून जास्त पाणी होतं. ट्रॅकला आतल्या बाजूला उतार असतो, म्हणून हे सगळं पाणी आतल्या कडेला येतं. मधलं मैदान मध्यभागी उंच आणि कडांना उतरतं ठेवलं असेल तर तेही पाणी तिथेच उतरतं. आतल्या कर्बलगत, म्हणजे ट्रॅकची आतली कड आखणाऱ्या उंच पट्टीलगत, पूर्ण फेरीभर नाली का लागते, हे या हिशेबावरून समजतं. कर्ब सलग काँक्रीटचा असेल तर त्यात ठरावीक अंतरावर भोकं ठेवावी लागतात. ती विसरली तर पहिल्या लेनमध्ये तळं होतं. पायांवर बसणारा अॅल्युमिनियमचा कर्ब या बाबतीत सोयीचा, पाणी खालून निघून जातं.

मधल्या मैदानाखाली १०० मिमीचे छिद्रांचे पाइप साधारण ५ मीटर अंतराने घाला, किमान उतार २०० ला १. इथे बरेच आराखडे फसतात. ६० मीटरच्या पाइपला या उतारासाठी ३०० मिमी घसरण लागते. म्हणजे सुरुवातीला पाइप ५०० मिमी खोल असेल तर शेवटी तो ८०० मिमीवर जातो, आणि मुख्य पाइप त्याहून खाली. आवाराबाहेरच्या गटाराचा तळ त्याच्याही खाली नसेल, तर पाणी उलटं मैदानात येईल. म्हणून पहिली लेव्हल घ्यायची ती बाहेरच्या गटाराच्या तळाची.

पाइपभोवती स्वच्छ, धुतलेली खडी भरा. चिकणमातीच्या जमिनीत पाइपला फिल्टरचं कापड घट्ट गुंडाळू नका. बारीक गाळ कापडावर बसतो आणि दोन-तीन पावसांत ते बुजतं. प्रत्येक पाइपच्या वरच्या टोकाला धुण्यासाठी उभा तुकडा आणि झाकण द्या. हा खर्च अगदी किरकोळ, पण तो नसला तर तुंबलेला पाइप शोधायला हिरवळ खणावी लागते.

चर उघडे आहेत तोवर ट्रॅकखालून चार दिशांना प्रत्येकी दोन रिकामे ११० मिमीचे पाइप टाकून ठेवा. आत दोरी ओढून ठेवा, टोकं बंद करा. पुढे फ्लडलाइट, धावफलक, तुषार सिंचन, कॅमेरे, काहीही आलं तरी ट्रॅकला हात लागणार नाही.

ट्रॅक

प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या कर्बच्या बाहेरच्या कडेपर्यंत, म्हणजे पहिल्या लेनला लागून असलेल्या कडेपर्यंत, ३६.५० मीटर. अंतर मोजतात ते या कडेपासून ३० सेंमी बाहेर, म्हणजे ३६.८० मीटर त्रिज्येवर. लेनची रुंदी १.२२ मीटर, उजवीकडचा पट्टा धरून. त्रिज्येत फक्त १ सेंमीची चूक झाली तर फेरीत ६.२८ सेंमीचा फरक पडतो, आणि नियमाप्रमाणे फेरी ४०० मीटरपेक्षा जराही कमी चालत नाही, जास्तही ४ सेंमीपर्यंतच. म्हणून दोन्ही वळणांचे मध्यबिंदू काँक्रीटमध्ये धातूची खीळ रोवून कायमचे पक्के करा. ते एकमेकांपासून ८४.३९ मीटरवर आहेत ना, हे कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या सर्व्हेअरकडून तपासून घ्या. खडी पडायच्या आधी आणि पट्टे मारायच्या आधी, दोन्ही वेळा.

आडवा उतार आतल्या बाजूला जास्तीत जास्त १०० ला १. धावण्याच्या दिशेने एकूण उतार १,००० ला १ पेक्षा जास्त नको.

खडी १५० मिमीपेक्षा जाड थरात एकदम दाबू नये. वरून पक्की वाटते आणि खाली पोकळ राहते. त्यावर डांबराचे दोन थर, खालचा ४०-५० मिमी, वरचा २५-३० मिमी, आणि तेही पेव्हरनेच. हाताने पसरलेलं डांबर वळणावर हमखास लाटा देतं. यंत्रातून डिझेल सांडलं तर तिथलं डांबर मऊ पडतं. तेवढा तुकडा कापून नव्याने भरा, वरून झाकू नका.

आता सगळ्यांत मोलाची तपासणी. डांबर थंड झाल्यावर टँकरने संपूर्ण ट्रॅक भिजवा आणि २० मिनिटं थांबा. जिथे पाणी उरलं तिथे खडूने कड आखा. मग ४ मीटरची सरळ पट्टी ठेवून खालची फट मोजा: ६ मिमीपेक्षा जास्त नको, १ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त नको. कंत्राटदार म्हणेल की वरच्या कृत्रिम थरात सगळं लेव्हल होईल. ते होत नाही. वरचा थर सगळीकडे सारख्याच जाडीने बसतो, त्यामुळे खालचा खड्डा जसाच्या तसा वर उमटतो. दुरुस्ती डांबरातच करून घ्या आणि त्याआधी पुढचं बिल मंजूर करू नका.

डांबराला मुरायला १४ ते २८ दिवस द्या. कृत्रिम थर टाकायच्या आदल्या संध्याकाळी एक मीटर चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून डांबरावर बसवा. सकाळी उचलल्यावर आतून थेंब दिसले तर काम पुढे ढकला. या थरातल्या पॉलियुरेथेनला (दाणे धरून ठेवणाऱ्या रसायनाला) ओल मिळाली की त्यात वायू तयार होतो, थर फुगतो, आणि सहा महिन्यांनी तळहाताएवढे फोड सुटून येतात.

थराचे ढोबळ तीन प्रकार. पहिल्यात काळ्या रबरी दाण्यांचा सुमारे १० मिमी थर आणि वर रंगीत दाण्यांची सुमारे ३ मिमी फवारणी. हा सच्छिद्र आणि स्वस्त, पण काही वर्षांनी फवारणी पुन्हा करावी लागते. दुसरा सँडविच: खाली काळा थर, मध्ये भोकं बुजवणारा लेप, वर पॉलियुरेथेन आणि त्यात रुतवलेले दाणे. तिसरा संपूर्ण ओतीव. रोजचा सराव आणि वर्षातून दोन-चार स्पर्धा असतील तर आमचं मत सँडविचकडे झुकतं. पैसा फारच कमी असेल तर फवारणीचा घ्या, पण डांबरात काटकसर करू नका. फवारणी पुन्हा होते, डांबर पुन्हा होत नाही.

जाडीचा हिशेब करून ठेवा. ४,१८५ चौरस मीटरवर १३ मिमी म्हणजे सुमारे ५४ घनमीटर माल. कुणी २ मिमी कमी टाकलं तर ८ घनमीटरहून जास्त माल वाचतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. माल आला की पिंपं आणि गोण्या मोजा, काम संपल्यावर रिकाम्याही मोजा, आणि सुई-गेजने प्रत्येक लेनमध्ये, सरळ भागात आणि वळणावर, जाडी तपासा. भालाफेकीच्या धावपट्टीच्या शेवटच्या ८ मीटरला २० मिमी आणि स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) पाण्याच्या खड्ड्यात पाय पडतो तिथे २५ मिमी थर लागतो. निविदेत हे वेगळं लिहिलं नसेल तर तिथेही १३ च पडतं.

लांब उडीच्या खड्ड्याभोवती अर्धा मीटर रुंद वाळू-सापळा करा, वर जाळी. बुटांबरोबर ट्रॅकवर आलेली वाळू सँडपेपरसारखी काम करते. खड्ड्याची रुंदी २.७५ ते ३ मीटर, धावपट्टी किमान ४० मीटर. खड्ड्याच्या दोन्ही टोकांना धावपट्टी दिली तर वारा बघून दिशा बदलता येते.

मधलं मैदान

१०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉल मैदान ट्रॅकच्या आत बसतं असं सगळे सांगतात. बसतं, पण भूमिती करून बघा: मैदानाचा कोपरा वळणाच्या मध्यबिंदूपासून ३५.५३ मीटरवर येतो आणि कर्ब ३६.५० वर. म्हणजे कॉर्नरजवळ घसरलेल्या खेळाडूला कर्बवर आदळायला एक मीटरही लागत नाही. १०० बाय ६४ घेतलं तर हेच अंतर साडेतीन मीटर होतं. वरच्या पातळीच्या स्पर्धेची अट नसेल तर हेच माप घ्या, आणि फुटबॉलच्या वेळी काढता येईल असा कर्ब निवडा.

नैसर्गिक गवत ठेवायचं तर उत्तम रचना म्हणजे १०० मिमी खडी आणि वर ३०० मिमी वाळूप्रधान थर. तेवढं परवडत नसेल तर मातीला १ टक्का उतार द्या, पाइप घाला आणि दरवर्षी भोकं पाडून वाळू पसरा. ६,४०० चौरस मीटरवर ५ मिमी म्हणजे ३२ घनमीटर वाळू. ती दरवेळी त्याच जातीची हवी. भरड थरावर बारीक वाळू पडली की पाणी दोन थरांच्या सीमेवर अडकतं, वर चिखल आणि खाली कोरडं. गवत कापताना उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी काढू नका.

खेळाचे तास गवताला झेपणारे नसतील तर कृत्रिम हिरवळीचा विचार होतो. तिचं आयुष्य साधारण ८ ते १२ वर्षं, आणि उन्हात ती खूप तापते. ट्रॅकच्या आत घालायची असेल तर थाळी, हातोडा आणि भाला बाहेर दुसऱ्या मैदानावर न्यावे लागतील. हिरवळीच्या पात्यांमध्ये भरायच्या दाण्यांची निवड विचार करून करा: युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर बंदी आणली आणि मैदानावरच्या रबरी दाण्यांना ८ वर्षांची मुदत दिली. बूच किंवा तत्सम वनस्पतिजन्य भराव चालेल अशी हिरवळ घेतलेली बरी.

हलवता येणारे गोलपोस्ट मागून वजन टाकून किंवा जमिनीत रुतवून पक्के केल्याशिवाय एक दिवसही उभे ठेवू नका. त्यांना लोंबकळणारी मुलं गोलपोस्ट अंगावर पडून दगावलेली आहेत.

दिवे आणि गॅलरी

युरोपीय मानक ईएन १२१९३ फुटबॉलसाठी सरावाला सरासरी ७५ लक्स (उजेड मोजायचं एकक), मधल्या पातळीच्या सामन्यांना २०० आणि वरच्या पातळीला ५०० सांगतं. बहुतेक छोट्या विद्यापीठांना २०० पुरतात. सरासरीइतकीच समानता महत्त्वाची: २०० लक्सच्या पातळीला सर्वांत कमी आणि सरासरी यांचं गुणोत्तर किमान ०.६ हवं. खांब ठेंगणे घेऊन पैसे वाचवले तर उजेड आडवा येतो आणि गोलरक्षकाचे डोळे दिपतात. मैदानाच्या मध्यापासून दिव्याकडे पाहताना कोन २५ अंशांहून कमी नको. ट्रॅक नसलेल्या मैदानात खांब मध्यापासून ३९ मीटरवर असेल तर उंची १८ मीटरच्या वर जाते, आणि ट्रॅकमुळे तो आणखी बाहेर गेला तर त्याहून जास्त.

गॅलरीत आधी जिने मोजा. पायऱ्यांवरून दर मीटर रुंदीला मिनिटाला साधारण ६६ माणसं उतरतात. हजार प्रेक्षक ८ मिनिटांत बाहेर काढायचे तर १.९ मीटर रुंदी लागते. पण एक जिना बंद पडला तरी दुसऱ्याने तेवढंच काम केलं पाहिजे, म्हणून दोन्ही जिने प्रत्येकी २ मीटरचे करा. ओळीची खोली ७०० मिमीपेक्षा कमी नको, ८०० असेल तर मांडीला मांडी न लागता ये-जा होते. व्हीलचेअरच्या जागा पुढच्या ओळीतले लोक उभे राहिले तरी मैदान दिसेल अशा उंचीवर ठेवा. तुमच्याकडचे इमारत नियम याहून कडक असतील तर तेच पाळा.

ताबा घेताना

ट्रॅक पुन्हा टँकरने भिजवा, २० मिनिटांनी फिरा. दिव्यांची पातळी कागदावर न बघता लक्स-मीटरने १० मीटरच्या चौकटीत रात्री मोजा. निविदेतली काही रक्कम पहिल्या पूर्ण पावसाळी हंगामानंतरच द्यायची अट ठेवा, कारण निचऱ्याचे दोष त्याआधी दिसतच नाहीत. थर बदलायच्या खर्चाला त्याच्या अपेक्षित वर्षांनी भागून तेवढी रक्कम दरवर्षी वेगळी काढा.

निचऱ्याचे चेंबर पावसाआधी आणि पानगळीनंतर साफ करा. पाइप प्रत्यक्षात कुठून गेले याचा नकाशा चर बुजवायच्या आधी मोजमाप घेऊन आणि फोटो काढून तयार करून घ्या. एक प्रत अभियंता कार्यालयात ठेवा आणि एक लॅमिनेट करून माळ्याच्या खोलीत भिंतीवर लावा, कारण खुंटी किंवा खांब रोवायला पहार घेऊन मैदानात जाणारा माणूस तिथूनच निघतो.