कार्बन की पोलाद? रायफलची नळी घेताना या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा रायफल मोसम ऑक्टोबरात सुरू होतो, आणि डेन्व्हरच्या आसपासच्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना हा नाद लागलाय ते सगळे त्याच सुमाराला जागे होतात. प्रश्न ठरलेला: "दादा, कार्बनची बॅरल घेऊ का?" आजवर किती गोळ्या झाडल्यास, असं उलट विचारलं की पलीकडे शांतता.

पहिला घोळ नावातच आहे. कार्बनची नळी अख्खी कार्बनची नसते. आत पोलादाचीच नळी असते, बहुतेक वेळा ४१६आर जातीच्या स्टेनलेसची. ती बाहेरून तासून बारीक करतात आणि वरून इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या राळेत भिजवलेले कार्बनचे धागे गुंडाळतात. चेंबरकडचा, म्हणजे काडतूस बसतं तिकडचा भाग आणि तोंडाकडचा तुकडा उघडं पोलादच राहतं. मोंटानातली प्रूफ रिसर्च आणि यूटातली क्रिस्टेन्सन आर्म्स ही यातली मोठी नावं. बाहेर काय गुंडाळलंय याचा गोळीला पत्ताही नसतो. ती पोलादात आतून कोरलेले पीळदार आटे धरून निघून जाते. त्यामुळे "कार्बनचा नेम जास्त अचूक" असं कोणी म्हणालं की मी त्याला चहा पाजतो आणि विषय बदलतो.

हलकी म्हणून घेतली

दोनेक वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकाने रायफलची मूळची सडपातळ पोलादी नळी काढून त्या जागी जाड कार्बनची बसवून घेतली. नऊशे डॉलर नळीचे, गनस्मिथची मजुरी वेगळी, शिवाय नवी नळी जुन्या दस्त्याच्या खाचेत मावेना म्हणून खाच रुंद करण्याचे आणखी. घरी येऊन त्याने कणीक मोजायच्या काट्यावर आधी जुनी नळी ठेवली, मग गनस्मिथने दिलेल्या पावतीवरचं नव्या नळीचं वजन वाचलं. नवी पाच औंसांनी जड होती. बायको शेजारीच उभी होती, हे त्याचं खरं दुःख.

तुलना समान जाडीच्या नळ्यांची करायची असते. २४ इंची जाड पोलादी नळी साडेचार-पाच पाउंडांच्या घरात जाते, आणि तेवढ्याच जाडीची कार्बनची तीनच्या आतबाहेर. पण शिकारीच्या रायफलची सडपातळ पोलादी नळीसुद्धा तीनच्याच आतबाहेर असते! कार्बन तुम्हाला हलकेपणा विकत नाही. सडपातळ नळीच्या वजनात जाड नळीचा ताठपणा विकते. तो ताठपणा तुम्हाला लागतो का, एवढाच प्रश्न आहे. दहा हजार फुटांवर दिवसभर चालायचं आहे, नळीच्या टोकाला आवाज दाबणारा सप्रेसर लावायचा आहे आणि चारशे यार्डांवर दोन-तीन गोळ्या विश्वासाने टाकायच्या आहेत, तर लागतो. एनआरएल हंटर या शिकारीच्या धर्तीवरच्या नेमबाजी सामन्यांत हलक्या गटाला १२ पाउंडांची मर्यादा असते, तिथेही कार्बन पैसे वसूल करते.

याच्या उलट मूर्खपणाही पाहिला आहे. पीआरएस या लांब पल्ल्याच्या नेमबाजी सामन्यांत उतरायचं म्हणून एकजण कार्बनची नळी घेऊन आला. तिथे लोक वीस-बावीस पाउंडांच्या रायफली वापरतात, आणि तेवढ्यानेही भागत नाही म्हणून दस्त्याला वजनं लावतात. वजन म्हणजे स्थैर्य. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळवलं त्या ५० मीटर प्रकारात पुरुषांच्या रायफलीला आठ किलोपर्यंत मुभा आहे, आणि नेमबाज त्या मुभेतला वाटा सहसा सोडत नाहीत. उभ्या जागी नेम धरायचा असेल तर जाड पोलादासारखं स्वस्त आणि मस्त काही नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. रायफल हलकी झाली की धक्का वाढतो. साडेसहा पाउंडांची रायफल आणि त्यात .३०० विन मॅगसारखं दणकट काडतूस असा थाट करणारे चौथ्या गोळीपासून डोळे मिटून चाप ओढायला लागतात आणि दोष दुर्बिणीला देतात.

"हात लावून पाहा ना भाऊ, गारच आहे"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल.

आमच्यात एक नागपूरकर आहे. माणूस सोन्यासारखा, पण दम नाही. त्याने ६.५ पीआरसी काडतुसाची, कार्बन नळीची रायफल घेतली आणि दर शनिवारी रेंजवर यायला लागला. मी शेजारच्या टेबलावर माझी जुनी पोलादी रायफल घेऊन. माझा क्रम ठरलेला: तीन गोळ्या, बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) उघडा, रायफल मांडणीला लावायची, थर्मासमधला चहा. याचं मात्र मशीनगनसारखं चाललेलं. दहा गोळ्या, पंधरा गोळ्या. मी म्हटलं, अरे, जरा थांब, नळी तापली असेल. तर म्हणतो, "हात लावून पाहा ना भाऊ, गारच आहे!" लावला हात. खरंच, कोमट होती. माझ्या नळीला पाच गोळ्यांनंतर हात लावला असता तर चटका बसला असता.

मी समोरच्या थर्मासकडे बोट दाखवलं. तोही बाहेरून गारच होता.

पोलाद उष्णता वाहून नेतं. कार्बनच्या धाग्यांच्या लांबीतूनही ती बऱ्यापैकी वाहते, पण एका थरातून दुसऱ्या थरात जाताना मध्ये इपॉक्सी असतं, आणि इपॉक्सी उष्णतेच्या बाबतीत शुद्ध अडेलतट्टू. काही कंपन्या इपॉक्सीत उष्णता वाहणारी भर घालतो असं सांगतात, घालत असतील. पण आतलं पोलाद बारीक तासलेलं, म्हणजे उष्णता सामावून घ्यायला धातू कमी. जाड पोलादी नळी तापते तेव्हा अख्खी तापते आणि तळव्याला सांगते. कार्बनची आतल्या आत तापते आणि गप्प बसते.

नागपूरकराच्या गोळ्या दोन-एक महिन्यांत उजवीकडे भरकटायला लागल्या. त्याने दुर्बिणीचे स्क्रू बदलले, मग दुर्बीणच बदलली, मग काडतुसांचा ब्रँड. शेवटी मी माझा बोअरस्कोप घेऊन गेलो, म्हणजे नळीच्या आत सरकवायचा काडीएवढा कॅमेरा. चेंबरच्या लगेच पुढे, जिथे गोळी आट्यांना पहिल्यांदा भिडते तो थ्रोट पडद्यावर आला. मे महिन्यात मराठवाड्यातल्या आटलेल्या तलावाचा तळ पाहिलाय? तसाच. भेगाच भेगा, आणि आट्यांच्या कडा गुळगुळीत. गोळ्या झाल्या होत्या साडेतीनशेच्या आसपास. ६.५ पीआरसी तशीही तापट. नीट वापरली तर १२०० ते १५०० गोळ्या चालते असा सर्वसाधारण अनुभव आहे. शांत स्वभावाच्या .३०८ काडतुसाची नळी त्याच्या कैक पट जगते. यात कार्बनचा गुन्हा नाही. थ्रोट पोलादी नळीचाही असाच जळला असता. फक्त पोलादाने आधी हात भाजून बजावलं असतं.

तेव्हापासून माझी सवय. कार्बनची रायफल हातात असली की रायफल रिकामी आणि बोल्ट उघडा आहे याची खात्री करून चेंबरलगतच्या उघड्या पोलादाला बोट लावायचं, कार्बनला नाही. तिथे बोट तीन सेकंद टिकलं नाही तर चहा. लोक चेंबरमध्ये हवा मारणारे बॅटरीचे छोटे पंखे विकत घेतात, तेही चालतील. मला चहा आवडतो. ज्याला दहा मिनिटं थांबवत नाही त्याने जाड पोलाद घ्यावं, किंवा .२२ घेऊन दिवसभर टकटक करावी. ती नळी तुमच्या नातवालाही पुरेल.

भरकटण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या हातात नसतं. पोलाद तापलं की प्रसरण पावतं, कार्बनचा धागा जवळजवळ पावत नाही. दोघांची सोयरीक इपॉक्सीवर टिकलेली असते, आणि ती नीट जुळली नसेल तर तापल्यावर नळी एका अंगाला झुकते. त्यामुळे या बाबतीत स्वस्त आणि अनोळखी माल घेऊ नका. कार्बनमध्ये बजेट बसत नसेल तर त्याच पैशात उत्तम पोलादी नळी येते आणि वर काडतुसांच्या चार-पाच पेट्या.

बाकीच्या, भराभर

"आधी २६ इंची घेतो, नंतर कापू." पोलादी नळी कुठलाही बरा गनस्मिथ लेथवर कापून तोंड नव्याने करून देतो. कार्बनच्या नळीत टोकाचं उघडं पोलाद मर्यादित असतं, ते कापून टाकलंत की सप्रेसर बसवायचे आटे कशावर पाडणार? लांबी आधीच ठरवा.

नळी दस्त्याला टेकते आहे का ते न पाहणं. नळीखालून नोट सरकवून पाहा. अडली तर आधी ते निस्तरा, मग नळीला शिव्या द्या.

सेराकोट, म्हणजे नळीवर चढवायचा रंगासारखा संरक्षक थर. त्याचा एक प्रकार भट्टीत भाजतात. कार्बनच्या नळीचं इपॉक्सी ती आंच सोसेल का, हे कंपनीला विचारल्याशिवाय पाठवू नका.

कार्बन आहे म्हणून साफसफाई वेगळी, असं काही नसतं. आत पोलाद आहे. तेच ब्रश, तेच तेल.

आट्यांचा पीळ न बघता नळी निवडणं. लांबलचक जड गोळीला कमी पिळाची नळी दिली तर गोळी लक्ष्याच्या कागदावर आडवी शिरते, बाहेरून हिरे जडवले तरी. ६.५ साठी आठ इंचांत एक फेरा, डोळे झाकून.

एच-वन-बीवर असाल तर नळीचा विचार नंतर. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला इथला संघीय कायदा मनाई करतो. अपवाद थोडे आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्याचा चालू शिकार परवाना. मित्राची रायफल "जरा घरी ठेवतो" म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. आणि पुण्यातल्या पुतण्यासाठी नळी बॅगेत टाकून नेण्याची आयडिया दरवर्षी कोणीतरी काढतोच. ती नुसती नळी असली तरी इथे निर्यातीच्या नियमांत येते आणि तिकडे शस्त्र कायद्यात. आधी वकिलाचा खर्च काढून ठेवा.

नागपूरकराने अखेर नळी बदलली. मध्यम जाडीची पोलादी, २२ इंची, ६.५ क्रीडमूर काडतुसासाठी. कार्बनची जुनी नळी त्याने गॅरेजच्या भिंतीवर टांगली आहे. गेल्या शनिवारी तो पहिल्यांदाच स्वतःचा थर्मास घेऊन आला. आत कॉफी होती, पण म्हटलं, चालेल.