जुन्या विंडोज ७ वर नेटवर्क प्रिंटर कसा बसवायचा, आणि लाइन (वीज) गेली की तो गायब का होतो

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधीचे पंधरा दिवस म्हणजे लग्नपत्रिकावाल्यांना जेवायलाही वेळ नसतो, आणि नेमका तेव्हाच अमळनेरहून मावसभावाचा फोन, "दादा, प्रिंटर परत गायब व्हई गया, आते काय करू?" मंगळवारी मीच जाऊन बसवून आलेलो, टेस्ट पेज काढून दाखवलेलं, चहा पिऊन निघालेलो, आणि गुरुवारी हा ऑफलाइन. चूक माझीच होती, ती काय होती ते पुढे येतंच, कारण या सगळ्या कामात खरी गोम तिथेच आहे आणि बाकी सगळं नुसतं क्लिक क्लिक आहे.

आधी एक गोष्ट. "विंडोज ७ कशाला ठेवलंय अजून, नवीन घे की" असं सांगणारे खूप भेटतात. त्याच्या त्या कॉम्प्युटरवर पानं जुळवायचा पेजमेकर आहे, मराठी फॉन्टची श्रीलिपी आहे डोंगलवाली (मशीनला छोटी किल्ली लावली तरच चालणारी), आणि दहा-बारा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली आहेत. ते नवीन मशीनवर हलवायचं म्हणजे सीझन गेला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला हे खरंय, त्यामुळे त्यावर बँकेचं काम करू नका एवढं मी त्याला बजावलंय, पण प्रिंट काढायला ते मशीन अजून ठणठणीत आहे.

तर पहिलं काम, प्रिंटरला लॅनची जागा (नेटवर्कची वायर लावायची खाच) किंवा वायफाय आहे का ते बघा. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा १०२० असेल, जे आपल्याकडे दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात दिसतात, तर त्यांना फक्त यूएसबी आहे, त्यांचं वेगळं प्रकरण शेवटी सांगतो. लॅनची जागा असेल तर वायफायच्या भानगडीत पडूच नका, राउटरपासून सरळ वायर ओढा, १०० मीटरपर्यंत चालते, दुकान कितीही लांबट असलं तरी पुरते. वायफायच करायचं असेल तर लक्षात ठेवा की बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं नेटवर्क पकडतात, ५ वालं त्यांना दिसतच नाही, आणि गेस्ट वायफायला जोडला तर प्रिंटर जोडलेला दिसेल पण बाकी मशीनना सापडणार नाही.

आता प्रिंटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता, शोधा. स्क्रीन असेल तर नेटवर्कच्या मेनूत मिळतो, नसेल तर प्रिंटरवरचं एखादं बटन दाबून धरलं की माहितीचं पान छापून येतं, कुठलं बटन ते मॉडेलप्रमाणे बदलतं, सोबतच्या पुस्तिकेत असतं. त्या पानावर १९२.१६८ ने सुरू होणारा नंबर दिसला तर ठीक. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर समजा की प्रिंटरला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच काहीतरी लावून घेतलाय, वायर नाहीतर वायफायचा पासवर्ड परत बघा.

आणि इथे ती गोम. हा नंबर राउटर देतो आणि तो कायमचा नसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइन दिवसातून चार वेळा जाते, लाइन आली की राउटर परत चालू होतो, आणि स्वस्तातले राउटर आधी कोणाला कोणता नंबर दिला होता ते विसरून गेलेले असतात, जो आधी मागेल त्याला आधी. मावसभावाकडे प्रिंटरला ५ नंबर (पत्त्यातला शेवटचा आकडा) होता. लाइन आली तेव्हा वहिनींचा मोबाइल आधी जोडला गेला, ५ नंबर त्याने घेतला, प्रिंटर आपला निवांत गरम होत होता त्याला ७ मिळाला, आणि कॉम्प्युटर बिचारा वहिनींच्या मोबाइलला पत्रिका पाठवून राहिला होता. प्रिंटर खराब नाही, ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) खराब नाही, पत्ता बदललाय फक्त. मी मंगळवारी पत्ता पक्का केला नव्हता, घाई होती, एवढंच.

पत्ता पक्का करायचे दोन रस्ते. एक, राउटरच्या पानावर जायचं (ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ किंवा जिओचं कनेक्शन असेल तर १९२.१६८.२९.१, नाहीतर राउटरच्या खाली स्टिकर असतो), तिथे डीएचसीपीच्या (नंबर वाटपाच्या) भागात ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधायचं आणि प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याची कधी न बदलणारी ओळख, जो त्या माहितीच्या पानावरच असतो, तो टाकून त्याला एक नंबर राखून द्यायचा. दुसरा रस्ता, प्रिंटरच्याच सेटिंगमधे आयपी मॅन्युअल करून नंबर हाताने भरायचा, फक्त तो राउटर ज्या रेंजमधून नंबर वाटतो त्याच्या बाहेरचा घ्या, म्हणजे राउटर १०० ते २०० वाटत असेल तर तुम्ही ५० घ्या. मला पहिला रस्ता बरा वाटतो कारण नंतर काही बदलायचं तर एकाच जागी बदलता येतं. पण राउटरच बदलला, नवीन कनेक्शन घेतलं, तर दोन्ही रस्ते बोंबलतात, तेव्हा ज्या दिवशी नेटवाला नवीन डबा बसवून जाईल त्या दिवशी हे काम परत करायचं आहे हे डोक्यात असू द्या.

प्रिंटर बंद करून चालू करा, पान परत काढा, नवीन नंबर आलाय ना बघा. मग कॉम्प्युटरवर स्टार्टमधे सीएमडी टाइप करून काळी विंडो उघडा, आधी आयपीकॉन्फिग मारा आणि कॉम्प्युटरचा नंबर बघा, टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन प्रिंटरसारखेच हवेत. मग पिंग (म्हणजे प्रिंटरला हाक मारून बघायची) आणि पुढे प्रिंटरचा नंबर. इथे एक फसवणूक आहे, "रिप्लाय फ्रॉम" दिसलं की लोक खूश होतात, पण पुढे "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" लिहिलेलं असेल तर तो रिप्लाय तुमच्याच कॉम्प्युटरचा आहे, प्रिंटरचा नाही, आणि खाली लॉस शून्य टक्के दाखवलं तरी विश्वास ठेवू नका. खरं उत्तर आलं तर बाइट्स, टाइम, टीटीएल असे आकडे दिसतात. पिंग होत नसेल तर पुढे जाऊच नका, विंडोजमधे कितीही क्लिक केले तरी उपयोग नाही.

ड्रायव्हर आधी आणून ठेवा. कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिस्टिम टाइपमधे ३२ बिट की ६४ बिट ते वाचा, चुकीचा आणला तर बसणारच नाही. कंपनीच्या साइटवरून विंडोज ७ वालाच निवडा. जुन्या ब्राउझरमधे आजकालच्या साइटी धड उघडत नाहीत, मी तर मोबाइलवर डाउनलोड करून डाटा केबलने टाकतो. आणि ड्रायव्हर बरोबर असूनही सहीची म्हणजे डिजिटल सिग्नेचरची तक्रार करत असेल तर त्या विंडोज ७ मधे २०१९ चा केबी४४७४४१९ हा अपडेट नसण्याची शक्यता आहे, नवीन प्रकारच्या सह्या ओळखायला तो लागतो, सर्व्हिस पॅक १ मात्र आधी असला पाहिजे. फॉरमॅट मारून पायरेटेड सीडीवरून बसवलेल्या मशीनमधे हे हमखास निघतं.

आता मुख्य काम. स्टार्ट, डिव्हायसेस अँड प्रिंटर्स, वर ॲड अ प्रिंटर. दोन पर्याय येतील, आणि सगळे इथेच फसतात, कारण आपला प्रिंटर नेटवर्कवर आहे म्हणून सगळे खालचं नेटवर्क, वायरलेसवालं निवडतात. ते निवडू नका. वरचं, ॲड अ लोकल प्रिंटर, हे निवडा. ऐकायला उलटं वाटतं पण खालच्या पर्यायाने विंडोज स्वतः शोधत बसतं, सापडला तरी बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट (प्रिंटरपर्यंत जायची वाट) लावून टाकतं, आणि तो पोर्ट आज चालेल उद्या ऑफलाइन दाखवेल असा लहरी असतो.

लोकल निवडलं की पुढे क्रिएट अ न्यू पोर्ट, त्याच्या यादीत स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट. नेक्स्ट. डिव्हाइस टाइपमधे टीसीपी/आयपी डिव्हाइस करा, खाली प्रिंटरचा नंबर टाका, पोर्टचं नाव आपोआप भरतं. खाली "क्वेरी द प्रिंटर" अशी एक टिक असते ती काढून टाका, ड्रायव्हर आपण आपला देणार आहोत. थोडा वेळ हिरवी पट्टी फिरते, कधी "ॲडिशनल पोर्ट इन्फर्मेशन रिक्वायर्ड" म्हणून अडतं, घाबरू नका, जेनेरिक नेटवर्क कार्ड तसंच ठेवून पुढे चला, ९१०० नंबरच्या पोर्टवर बहुतेक सगळे प्रिंटर ऐकतात. मग ड्रायव्हरची यादी येते, तिथे हॅव डिस्क, ब्राउझ, आणि ड्रायव्हरच्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी) दाखवा. ड्रायव्हर एक्सई असेल तर आधी सेव्हन-झिपने उघडून बघा, बऱ्याचदा आत आयएनएफ सापडते. नाव द्या, शेअर करू नका म्हणा, टेस्ट पेज काढा.

टेस्ट पेज आलं म्हणून लगेच उठू नका. प्रिंटरवर राइट क्लिक करून प्रिंटर प्रॉपर्टीज (नुसतं प्रॉपर्टीज नाही, दोन्ही वेगळे आहेत), पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट, आणि तिथली "एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड" ची टिक काढा. ती असली की विंडोज प्रिंटरला अधूनमधून तब्येत विचारतं आणि उत्तर नाही मिळालं की प्रिंटर जिवंत असताना ऑफलाइन म्हणून सांगतं. मग प्रिंटिंग प्रेफरन्सेसमधे जाऊन कागद ए४ करा. कितीतरी ड्रायव्हर आल्या आल्या लेटर साइज धरतात, मग पहिली प्रिंट पाठवली की प्रिंटर लाल लाइट लावून लेटर कागद मागत बसतो, आणि गिऱ्हाईक समोर उभं.

मावसभावाच्या दुकानात अजून एक निघालं. पत्रिकेचं प्रूफ काढलं तर वरचं गणपतीचं चित्र बरोबर, मुलाचं मुलीचं नाव बरोबर, आणि खाली निमंत्रकांची बारीक अक्षरातली लांबलचक यादी, आप्पासो, नानासो, भाऊसो, तिथे सगळीकडे भलतीच चिन्हं. स्क्रीनवर व्यवस्थित, कागदावर घाण. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर बसवलेले असतात, आणि काही ड्रायव्हर फॉन्ट पाठवायच्या ऐवजी प्रिंटरमधलाच दुसरा फॉन्ट लावतात, तेव्हा असं होतं. ॲडव्हान्समधे ट्रूटाइप फॉन्ट बिटमॅप किंवा ग्राफिक्स म्हणून पाठवायचा पर्याय असतो तो चालू केला, प्रिंट थोडी हळू झाली पण सगळे आप्पासो जागेवर आले. नाहीतर त्या यादीतला एक जरी काका गेला असता तर लग्नात रुसवा ठरलेला.

प्रिंट अडकून बसली, डिलीटही होत नाही, असं झालं तर स्टार्टमधे सर्व्हिसेस उघडा, प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा, सी ड्राइव्हमधे विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधलं सगळं उडवा (फोल्डर नाही, आतल्या फाइली), स्पूलर परत चालू करा.

आता यूएसबीवाले. तो प्रिंटर एका विंडोज १० वाल्या मशीनला लावून शेअर करायचा आणि विंडोज ७ वरून घ्यायचा असेल तर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर बऱ्याच जणांना शेवटी ११बी असलेला एरर यायला लागला. तेव्हा वरच्यासारखंच ॲड अ लोकल प्रिंटर, नवीन पोर्ट, पण या वेळी लोकल पोर्ट निवडा आणि नाव म्हणून दोन उलटे तिरके दांडे, कॉम्प्युटरचं नाव, एक दांडा, प्रिंटरचं शेअरचं नाव असं टाका, ड्रायव्हर हाताने द्या, बहुतेक वेळा चालून जातं. पण ते दुसरं मशीन सतत चालू ठेवावं लागतं. विंडोज ७ च्या जागी विंडोज एक्सपी असेल तर शेअरिंगच्या नादी लागू नका, एक्सपीला शेअरिंगची जुनी पद्धत म्हणजे एसएमबी१ च कळतं आणि विंडोज १० मधे २०१७ पासून ते सहसा बसवलेलंच नसतं. टीसीपी/आयपी पोर्ट मात्र एक्सपीतही आहे, रस्ता तोच, फक्त "ऑटोमॅटिकली डिटेक्ट" ची टिक काढायची.

आणि त्या जुन्या मशीनला इंटरनेटची गरजच नसेल तर त्याचा आयपी हाताने भरताना डिफॉल्ट गेटवेचा रकाना रिकामा सोडा. प्रिंटरपर्यंत पोचेल, बाहेर जाणार नाही. मावसभावाचा मुलगा नाराज झाला, त्याचा यूट्यूब बंद झाला.

गुरुवारी संध्याकाळी हे सगळं करून झाल्यावर मी मुद्दाम मेन स्विच पाडला, दोन मिनिटांनी चालू केला, आणि आम्ही तिघं प्रिंटरकडे बघत उभे राहिलो. प्रूफ आलं. त्याने एक वाया गेलेली पत्रिका उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने १९२.१६८.१.५० असं मोठ्ठं लिहिलं आणि चिकटपट्टीने प्रिंटरच्या झाकणावर लावून टाकलं.