गूगल अपडेटनं साईट पडली? आधी पाणी उतरू द्या, मग पंचनामा करा

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणीही कुणाला भेटलं की पहिला प्रश्न एकच, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालापण पाठ असतंय. आणि सखल सुतारवाड्यात पाणी शिरलं म्हणून उंचावरच्या राजारामपुरीतला माणूस काय फ्रीज माळ्यावर चढवत बसत नाही. पण हीच शहाणी माणसं, गूगलचं अपडेट आलंय असा एक मेसेज व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर पडला की रात्री अकराला वेबसाईटवाल्या पोराला फोन लावतात, सगळं बदलून टाक म्हणून. मी पण लावलाय, म्हणून तर सांगतोय.

आमचा धंदा चटणी, गूळ, काकवीचा. दुकान आहेच, पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक वेबसाईटवरनं येतंय. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलनं एक मोठं कोअर अपडेट सोडलं (शोधात कुठलं पान वर, कुठलं खाली हे ठरवायची पद्धतच गूगल बदलतंय ते), ५ मार्चला सुरू झालं आणि १९ एप्रिलला संपलं, म्हंजे ४५ दिवस. नेमका आमचा चटणीचा सीझन, मिरची कुटायच्या डंकावर नंबर लागलेले, आणि इकडं साईटवरचे क्लिक धडाधड खाली. मी काय केलं असेल? एका जाणकारानं (फोनवरच भेटलेला) सांगितलं म्हणून सगळ्या पानांचे पत्ते बदलून "छोटे आणि सुटसुटीत" केले, होमपेजचं टायटल बदललं, जुनी अकरा पानं उडवली, आणि जुन्या पत्त्यावरनं नव्यावर नेणारं रिडायरेक्ट लावायचं राहूनच गेलं. मग काय, गिऱ्हाइकांनी एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या लिंका उघडायला गेलं की ४०४, म्हंजे पान सापडत नाही. अपडेट संपलं तेव्हा बसून बघितलं तर कळेना, यातलं गूगलनं किती पाडलं आणि मी किती. पूर आला तेवढ्यात आपणच घराची भिंत पाडायची आणि मग पंचनाम्याला तलाठी आला की सांगायचं काय, पाण्यानं पडली का मी पाडली?

तर पहिली चूक हीच, पाणी चढत असताना हात घालणं

कोअर अपडेट एका रात्रीत होत नाही. दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि तेवढ्या दिवसात आकडे वर-खाली होत राहतात. गूगलचा सर्च स्टेटस डॅशबोर्ड म्हणून एक पान आहे, तिथं अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं याच्या तारखा लिहिलेल्या असतात, फुकट आहे, लॉगिनपण लागत नाही. ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटपेक्षा तेवढं एक पान बघा. गूगल स्वतःच सांगतंय की अपडेट संपल्यावर किमान एक आठवडा पूर्ण जाऊ द्या, मग तो आठवडा आणि अपडेट सुरू व्हायच्या आधीचा एक आठवडा असं शेजारी ठेवून बघा. तोपर्यंत वहीत तारीख टाकायची आणि गिऱ्हाईक बघायचं. खरंच वही ठेवा हो, साईटवर काय बदललं, कुणी बदललं, कधी बदललं, एका ओळीत. दोन महिन्यांनी डोक्यात राहत नाही.

सगळं खापर अपडेटवर फोडणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघितली. ट्राफिक, म्हंजे साईटवर येणारी माणसं, पडायला गूगल सोडून पन्नास कारणं असतात, पण अपडेटचं नाव कानावर पडलं की बाकीचं काही सुचतच नाही.

२०२५ च्या जूनचं बघा. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावपण न घेता, आणि मग जो काही गदारोळ झाला तो सगळ्या देशानं बघितला, २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) असलेली आपली चप्पल एकदम जगाच्या तोंडात. चपलांचा धंदा करणारा माझा एक दोस्त आहे, त्याच्या साईटवर त्या आठवड्यात नुसती झुंबड. आणि मग ३० जूनला गूगलचं कोअर अपडेट सुरू झालं, १७ जुलैपर्यंत चाललं. जुलैच्या मध्यात याचे आकडे खाली आले तसा हा मला म्हणतोय, "अपडेटनं वाट लावली लगा." मी म्हटलं भावा, मेच्या आकड्यांशी लावून बघ की. लावलं, तर मेपेक्षा थोडं वरच होतं! बातमी थंड झाली, नुसती बघायला आलेली माणसं गेली, एवढंच. त्याचा नंबर होता तिथंच होता.

आमच्या गुळाचं तसंच. संक्रांतीपर्यंत मागणी चढते आणि फेब्रुवारीत उतरते, दरवर्षी. मग फेब्रुवारीची तुलना जानेवारीशी करून रडण्यात काय अर्थ आहे, गेल्या फेब्रुवारीशी करायची. सर्च कन्सोल म्हणून गूगलचं फुकट टूल आहे, शोधातनं आपल्या साईटवर किती माणसं आली ते दाखवणारं, त्यात १६ महिन्यांचा डेटा मिळतो, तेवढा पुरतोय त्याला. लोक डिफॉल्ट तीन महिनेच बघतात आणि उतार दिसला की छाती धरतात.

आणि आपल्याच घरातलं बिघडलेलं तर विचारू नका. ओळखीच्या एकांनी साईट नव्या होस्टिंगवर हलवली, करणाऱ्या पोरानं वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये "सर्च इंजिनला ही साईट दाखवू नका" अशा अर्थाची जी एक टिक असते ती काम चालू असताना लावली आणि काढायची विसरला. तीन आठवडे ते गूगलला शिव्या घालत होते, आणि गूगल बिचारं सांगितल्याप्रमाणं वागत होतं. म्हणून आधी हे बघा: ती टिक, रोबोट्सची फाईल (गूगलच्या मशीननं साईटवर कुठं यायचं, कुठं नाही ते सांगणारी), साईट मोबाईलवर उघडते का, डोमेनचे पैसे भरलेत का. हसू नका, डोमेन संपलेलीपण केस बघितलीय.

अजून एक गंमत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बऱ्याच जणांचे सर्च कन्सोलमधले इम्प्रेशन (निकालात साईट किती वेळा दिसली तो आकडा) एकदम घसरले आणि सरासरी पोझिशन, म्हंजे निकालातला नंबर, मात्र सुधारलेली. लोक चक्रावले. झालं होतं असं की गूगलनं एका पानावर १०० निकाल दाखवायची सोय बंद केली, आणि ती सोय वापरून नंबर तपासणारी जी टूलं होती त्यांची मोजणी थांबली. क्लिक जिथल्या तिथं. म्हंजे माणूस एकपण कमी झाला नव्हता, नुसती मशीनं कमी झाली होती.

स्वतःच्याच मोबाईलवर सर्च करून नंबर बघणं

दुकानात बसून स्वतःचं दुकान सर्च करायचं आणि पहिलं दिसलं की खूश, तिसरं दिसलं की नाराज. अहो, गूगल तुमचं लोकेशन बघून निकाल बदलतंय. शाहूपुरीत बसून दिसतंय ते पुण्यात वाकडमधल्या गिऱ्हाइकाला दिसतंय असं नाही. हा प्रकार बंदच करा.

मग पंचनामा करायचा कसा

सर्च कन्सोल उघडा, परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये जा, तारखांच्या तिथं कंपेअर आहे. आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा टाका, सोमवार ते रविवार असे पूर्णच घ्या, नाहीतर एकीकडं रविवार दोन आणि दुसरीकडं एक असं होतंय. आता एकूण आकड्याकडं बघू नका. खाली पानांचा टॅब आहे, त्यात कुठलं पान पडलं ते शोधा. त्या पानावर क्लिक करून क्वेरीच्या टॅबवर या, कुठल्या शब्दाला पडलं ते दिसेल. एवढं केलं की निम्मी भीती जाते, कारण बहुतेक वेळा पूर्ण साईट पडलेलीच नसते, चार पानं पडलेली असतात.

पोझिशन दोनवरनं चारवर आलीय? सोडून द्या, चांगल्या चालणाऱ्या पानाला हात लावू नका. चारवरनं एकोणतीसवर गेलीय आणि तीपण बऱ्याच शब्दांना? मग बसून विचार करायचा विषय आहे. पोझिशन तीच आहे पण क्लिक कमी झालेत? मग तुमचं पान नाही बदललं, निकालाचं पान बदललंय, वर एआयचं उत्तर येत असेल किंवा जाहिराती वाढल्या असतील. भारतात ती एआय ओव्हरव्ह्यू २०२४ च्या ऑगस्टपासून दिसायला लागली, आणि नुसती माहिती विचारणाऱ्या प्रश्नांना तिचा फटका जास्त.

सर्च कन्सोलमध्येच डावीकडं मॅन्युअल ॲक्शन्स म्हणून एक पान आहे, नियम मोडला म्हणून गूगलच्या माणसानं साईटला शिक्षा केली असेल तर ती तिथं दिसते, तेपण उघडून बघा. तिथं काही नसेल तर तुम्हाला कुणी शिक्षा केलेली नाही. लोक घाबरून "फेरविचार करा" असा अर्ज करायला जातात, तो अर्ज फक्त मॅन्युअल ॲक्शन असेल तरच असतो, कोअर अपडेटसाठी असा काही अर्जच नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात दुसऱ्यानं चांगली कुस्ती मारली म्हणून तुम्ही खाली आलात, पंचांनी तुम्हाला बाद केलेलं नाही, यात फरक आहे.

आणि हे सगळं झाल्यावर शेजारी ऑर्डरींचा हिशोब ठेवा. आमचं सगळ्यात जास्त ट्राफिकचं पान कुठलं होतं माहितीये? तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची रेसिपी. ते पडलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग हिशोब काढला तर त्या पानावरनं वर्षभरात एक किलोपण चटणी गेली नव्हती. लोक येत होते, खोबरं किती घालायचं बघत होते आणि जात होते. उलट "कांदा लसूण मसाला" या शब्दाला आमचं विक्रीचं पान होतं ते हललंच नव्हतं. (तो शब्दपण आम्ही उशिरानं घेतला. इथं सगळे चटणीच म्हणतात, आणि पुण्यात चटणी म्हटलं की माणूस खोबऱ्याची नाहीतर शेंगदाण्याची समजतो.)

घाईत केलेले उपाय

अपडेटच्या आठवड्यात गॅरंटीवाल्यांचे फोन सुरू होतात, पहिल्या नंबरवर आणतो, पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साईटवरनं तुमच्या साईटकडं येणाऱ्या लिंका) देतो. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही हे गूगलनं स्वतः लिहून ठेवलंय, आणि विकतच्या लिंकांवर तर २०१२ सालीच पेंग्विन अपडेट आणून दणका दिलेला. दुसरे येतात ते उलटं सांगतात, तुमच्या वाईट लिंका डिसअव्हाव करतो, म्हंजे त्या धरू नका असं गूगलला कळवतो म्हणून. ते टूल बहुतेक साईटना कधीच लागत नाही. तुम्ही स्वतः लिंका विकत घेतल्या नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मग एआय. एका रात्रीत दोनशे पानं, "इचलकरंजीत बेस्ट चटणी", "जयसिंगपुरात बेस्ट चटणी", "गडहिंग्लजमध्ये बेस्ट चटणी", गावाचं नाव सोडलं तर अक्षर न् अक्षर तेच. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलनं नेमक्या याच प्रकाराला स्पॅमच्या नियमात घातलं, हातानं लिहा नाहीतर मशीननं, रँकिंगसाठी ढीग ओतला की नियमात बसत नाही. जुन्या लेखावरची नुसती तारीख बदलून नवा असल्याचं दाखवणं हापण त्याच घरातला प्रकार. आणि पानं डिलीट करणं सगळ्यात शेवटी, ते पान माणसाच्या काहीच कामाचं नाही अशी खात्री असेल तरच. मी उडवलेल्या अकरातली चार परत लिहावी लागली.

गूगलच्या नकाशावरच्या दुकानाचं गणित वेगळं असतंय, तिथं तुमचा माल शोधाशी किती जुळतो, अंतर किती आणि दुकान किती नावाजलेलं, हे मुख्य. तिथल्या नावात "कोल्हापूरची नंबर एक ओरिजिनल चटणी" असलं घुसडू नका, पाटीवर आहे तेच नाव ठेवा, नाहीतर प्रोफाईल सस्पेंड होऊन बसते आणि ती सोडवायला अपडेटपेक्षा जास्त ताप होतो.

निवांत म्हंजे झोपून राहणं नाही

ही शेवटची चूक, माझ्या चुलतभावाची. त्याचा उपाय एकच, "पुढच्या अपडेटला आपोआप वर येतंय बघ." येतंय कशानं? खरंच पडलेलं पान असेल तर ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यानं वाचा. आमच्या चटणीच्या पानावर मिरची कुठली ते लिहिलेलंच नव्हतं, आणि फोनवर सगळे तेच विचारत होते: संकेश्वरी का बेडगी, तिखट किती, पुण्याला किती दिवसात पोचतंय, फुटली तर काय. ते सगळं लिहिलं, डंकाचा फोटो आपल्याच मोबाईलनं काढून टाकला. काही सुधारणा काही दिवसात दिसतात, काहींना महिने लागतात, आणि कधी कधी पुढचं कोअर अपडेट येईपर्यंत काहीच हलत नाही. मधल्या काळात व्हॉट्सॲपवर जुन्या गिऱ्हाइकांची यादी आहे तिच्यावर माल जातोच, ती यादी नसेल तर या आठवड्यात करायला घ्या, त्याला गूगल लागत नाही.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये परत कोअर अपडेट आलं, ११ ते २९ तारीख. मी वहीत एक ओळ लिहिली आणि संक्रांतीच्या गुळाचं पॅकिंग करत बसलो. जानेवारीत आठवडा गेल्यावर उघडून बघितलं, तीन पानं खाली, दोन वर. खालच्या तिनात रश्श्याची रेसिपी परत होतीच. तिला तशीच ठेवलीय, आईनं सांगितलेली आहे.