मंडईत फोटो काढलेत ना, मग प्रिंट नेऊन द्या, कशी ते सांगतो

पुण्यात महात्मा फुले मंडईत किंवा कुठल्याही आठवडी बाजारात कॅमेरा घेऊन गेलं की फोटो मिळतातच, उजेड ताडपत्रीतून गाळून आलेला, पाटीत लिंबं, मागं तराजू. आणि निघताना आपण हमखास म्हणतो, "मावशी, फोटो आणून देतो हां." त्या मान डोलावतात. त्यांना असं म्हणणारे खूप जण भेटलेले असतात आणि परत आलेले फार थोडे. म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच की देणार असाल तरच बोला, आणि बोललात की ते उधारीसारखं डोक्यात ठेवा.

सुरुवात फोटो काढतानाच होते. फोटो झाला की लगेच फोनमध्ये नोंद करा, नाव, काय विकतात, कुठं बसतात. "भाजीवाल्या मावशी" लिहून उपयोग नाही, मंडईत सगळ्याच भाजीवाल्या मावशी आहेत. "दगडी इमारतीच्या बाहेर, नारळवाल्याच्या शेजारी, फक्त लिंबं-मिरच्या-आलं" असं लिहा. आठवडी बाजार असेल तर वार लिहाच, कारण तीच माणसं सोमवारी एका गावात आणि गुरुवारी दुसऱ्या गावात बसतात, गोव्यातल्या म्हापशाचा बाजार शुक्रवारचा म्हणजे तिथं बाहेरगावहून येणारी बाई तुम्हाला मंगळवारी सापडेलच असं नाही.

आता कुठला फोटो प्रिंट करायचा, इथं बहुतेक जण चुकतात आणि मीही चुकलोय. आपल्याला आवडतो तो फोटो ज्यात त्या खाली बघून मेथीच्या जुड्या बांधतायत, अर्धा चेहरा सावलीत. त्यांना हवा असतो तो समोर बघून, पदर नीट करून, दोन्ही कान दिसतील असा. त्यांचं बरोबर आहे, फोटो घरात लागणार आहे आणि लेकी-सुना-नातवंडं बघणार आहेत. त्यामुळे तुमचा फोटो झाला की विचारा, "आता तुमच्या मनासारखा एक काढू का?" मग बघा, हात पुसतात, केस सारखे करतात, पाटीतली चांगली लिंबं वर आणून ठेवतात, काही जणी शेजारणीलाही ओढून घेतात. प्रिंट याच फोटोची काढायची. तुमचा आवडता फोटो सोबत द्यायचा असेल तर द्या, पण त्याच्याऐवजी नको.

प्रिंटला टाकायच्या आधी रंग बघा. निळ्या ताडपत्रीखाली चेहरा निळसर येतो, लाल-केशरी छत्रीखाली भाजल्यासारखा लाल, तेव्हा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडामुळे चढलेला रंग काढून टाकायची सोय, नीट करून घ्या, फोनमधल्या एडिटमध्येही होतं. आणि लॅबवाल्याला स्पष्ट सांगा की आपणहून उजळ करू नका, चेहरा गुळगुळीत करू नका. माझ्या पहिल्या खेपेला एका लॅबनं सगळे चेहरे सरसकट गोरे करून दिले होते, मी न तपासताच घेऊन गेलो आणि कोथिंबीरवाल्या मावशींनी बराच वेळ फोटो हातात धरून विचारलं, "ही कोण?" मला फार वाईट वाटलं, कारण उन्हात बसून आलेला तो रंग त्यांचा होता आणि तोच पुसला गेला होता. दुसऱ्या दिवशी परत काढून दिली. तेव्हापासून आधी एकच प्रिंट काढून बघतो आणि मग बाकीच्या टाकतो.

साइजचं म्हणाल तर चार बाय सहा इंच स्वस्त पडते पण फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणाचा असतो, त्यामुळे कडा कापल्या जातात, आडव्या फोटोत वरचं डोकंच जातं. सहा बाय आठ काढली तर अख्खा फोटो बसतो आणि म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवायही दिसतो. फाइल व्हॉट्सॲपवर साधी पाठवू नका, बारीक होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेनड्राइव्ह न्या. लॅमिनेशन मात्र कराच. भाजीवर दिवसभर पाणी मारतात, हात ओले असतात, फोटो गोणपाटाखाली नाहीतर पैशाच्या डब्यात जातो, साधी प्रिंट घरी पोचेपर्यंत टिकत नाही. लॅमिनेशनच्या आधी मागं मार्करनं नाव आणि तारीख लिहा, बॉलपेनची शाई त्या कागदावर पसरते.

द्यायला सकाळी जाऊ नका. भवानी व्हायची असते, तेव्हा कुणाला फुरसत नसते, तुम्ही पुढ्यात उभे राहिलात की गिऱ्हाईक शेजारी जातं. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जा. त्या जागेवर नसतील तर शेजारच्या गाळ्यावर विचारा, पण बाईमाणसाचा फोटो अख्ख्या बाजाराला दाखवत फिरू नका, नाव सांगून विचारा आणि ठेवायचाच असेल तर पाकिटात बंद करून ठेवा. दिल्या दिल्या कॅमेरा काढून त्यांचा आनंद टिपायला जाऊ नका, बघू दे त्यांना निवांत. आणि मूठभर मिरच्या पिशवीत टाकल्या तर घ्या, पैशाचा हट्ट धरू नका, ती परतफेड असते, नाही म्हणणं त्यांना लागतं. शेजारचे "आमचा पण काढा" म्हणणारच, वेळ असेल तरच हो म्हणा.

मूळ फाइल कधीही उडवू नका. लिंबं विकणाऱ्या एका आजींना मी फोटो दिला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हा चांगला आलाय, पुढं कामाला येईल." मी काहीतरी बोलून विषय बदलला. वर्षभरानं त्यांच्या जागेवर मुलगा बसला होता, त्यानं मला ओळखलं आणि विचारलं की तो आईचा फोटो मोठा करून मिळेल का, घरात तेवढा एकच धड आहे. बारा मेगापिक्सेलची फाइल होती, त्यातून आठ बाय बारा अगदी स्वच्छ निघते. फ्रेम त्यानं स्वतः करून घेतली, मी प्रिंट दिली आणि फाइलही त्याच्या फोनमध्ये टाकून दिली.