स्ट्रॉबेरीचा नवा वाण: संकरापासून पेटंटपर्यंत या चुका टाळा

स्ट्रॉबेरीचा एक नवा वाण शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत साधारण सात ते दहा वर्षं जातात. घात करणाऱ्या चुका मात्र बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन हंगामांतच होऊन गेलेल्या असतात. जनक वाणाची परवानगी घेतलेली नसते, लेबल अर्धवट लिहिलेलं असतं, किंवा झाड देखणं दिसलं म्हणून चार रोपं कुणाला तरी देऊन टाकलेली असतात. हे सगळं उघड होतं ते सहाव्या-सातव्या वर्षी, हक्कासाठी अर्ज भरायला बसल्यावर. तेव्हा दुरुस्तीला वाव उरत नाही. म्हणून संकराचं तंत्र आणि कायद्याची बाजू इथे एकत्रच घेतली आहे.

जनक निवडताना

बागायती स्ट्रॉबेरी अष्टगुणित आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच, म्हणजे 56 गुणसूत्रं असतात. उत्तर अमेरिकेतली फ्रॅगारिया व्हर्जिनियाना आणि चिलीतली फ्रॅगारिया चिलोएन्सिस या दोन रानटी जाती अठराव्या शतकात युरोपातल्या बागांमध्ये शेजारी लागल्या आणि त्यांच्या आपोआप झालेल्या संकरातून ही स्ट्रॉबेरी आली. त्या दोन्ही अष्टगुणितच आहेत, त्यामुळे आजही त्यांच्याशी संकर सहज जमतो. नवखे लोक फसतात ते फ्रॅगारिया वेस्काच्या सुगंधाला. ती द्विगुणित आहे, तिची गुणसूत्रं फक्त 14. तिचा बागायती वाणाशी सरळ संकर केला की 35 गुणसूत्रांची पंचगुणित रोपं मिळतात आणि ती जवळजवळ वांझ असतात. त्यांच्यावर दोन हंगाम घालवण्यात अर्थ नाही.

रानटी अष्टगुणित जातीतून एखादा गुण आणायचा असेल तर मनाची तयारी लांबच्या प्रवासाची हवी. दिवसाच्या लांबीवर अवलंबून न राहता फुलणारे आधुनिक वाण ज्या गुणावर उभे आहेत, तो गुण कॅलिफोर्नियातल्या पैदासकारांनी युटामधल्या वॉसॅच डोंगरातल्या एका रानटी व्हर्जिनियाना झाडातून घेतला. पहिल्या पिढीची फळं बारीक होती. चांगल्या वाणांशी पुन्हा पुन्हा संकर करत, 1970 च्या दशकाच्या अखेरीस कुठे त्यातून लागवडीजोगे वाण निघाले. पहिल्याच पिढीत मोठं फळ दिसलं नाही म्हणून असा संकर उपटून टाकणं ही घाईच आहे.

उलट टोकाची चूक म्हणजे आवडत्या वाणाचं स्वपरागीभवन करणं, किंवा त्याच्याच लेकरांमध्ये आपसात संकर करत राहणं. स्ट्रॉबेरीला हे सोसत नाही. जोम घटतो, फळ लहान होतं, उत्पन्न पडतं. दोन्ही जनकांची वंशावळ तीन-चार पिढ्या मागे जाऊन तपासा. बाजारातले अनेक वाण एकमेकांचे जवळचे नातलग असतात.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. काही वाणांत पानांवर पिवळे-पांढरे पट्टे उमटतात. त्याला ‘जून यलोज’ म्हणतात. तो विषाणू नाही, आनुवंशिक दोष आहे. तो रनरमधूनही (झाडाने जमिनीवर सोडलेले धुमारे, ज्यांच्या टोकाला नवं रोप धरतं) उतरतो आणि बियांमधूनही, आणि कोणत्याही फवारणीने जात नाही. जनकाच्या वंशात हा दोष कधी दिसलेला असेल तर तो जनक सोडून द्या, फळ कितीही चांगलं असो.

संकर करताना

फूल उमलल्यावर पुंकेसर काढणं ही सर्वांत सर्रास दिसणारी चूक. तोवर परागकोश फुटलेले असतात आणि तुमचा ‘संकर’ प्रत्यक्षात स्वपरागीभवन असतं. योग्य वेळ म्हणजे कळी फुगून पांढरी दिसू लागली आहे पण पाकळ्या अजून मिटलेल्या आहेत, तो एखादा दिवस. अशा कळीचा बाहेरचा घेर, म्हणजे निदलं, पाकळ्या आणि पुंकेसर, बारीक चिमट्याने किंवा नखाने गोल फिरवून एकदम काढता येतो. मधला हिरवट-पिवळा उंचवटा आणि त्यावरचे स्त्रीकेसर तेवढे शाबूत राहिले पाहिजेत. परागकोश पिवळेजर्द असले तरी चालतात, पण भिंगातून पाहिल्यावर एकही फुटलेला दिसला तर ती कळी सोडून द्या. एका नर जनकाकडून दुसऱ्याकडे जाताना चिमटा, ब्रश आणि बोटं अल्कोहोलने पुसा.

नर जनकाचे परागकोशही अशाच मिटलेल्या कळ्यांतून घ्यावेत आणि कागदावर पसरून रात्रभर कोरड्या जागी ठेवावेत. सकाळी ते फुटून पिवळी भुकटी मिळते. सगळे स्त्रीकेसर एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून दोन-तीन दिवस रोज ब्रश फिरवा आणि फुलावर पिशवी राहू द्या.

संकराचं फळ वेडंवाकडं आलं तर घाबरू नका. स्ट्रॉबेरीचा गर फुगतो तो त्यावरच्या दाण्यांमधून येणाऱ्या ऑक्सिन या वाढीच्या संजीवकामुळे. जिथे पराग पोचला नाही तिथे दाणा भरत नाही आणि तेवढा भाग बसका राहतो. याचा अर्थ इतकाच की बी कमी मिळेल. हीच गोष्ट पुढे निवड करतानाही लक्षात ठेवा. एखाद्या रोपाची फळं वाकडी दिसली तर तो वाणाचा दोष आहे, की मधमाश्या फिरल्या नाहीत, की थंडीने फुलाचा मधला भाग मारला, हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर काट मारू नका. थंडीने मेलेल्या फुलाचा मध्य काळा पडलेला असतो, तेवढी खूण पुरते.

लेबलबद्दल थोडं सविस्तर, कारण पुढचा सगळा डोलारा त्यावरच उभा राहतो. मादी जनकाचं नाव आधी, मग नराचं, मग तारीख. हे पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहा. साधी शाई दोन पाण्यांत उडते. एक लेबल देठाला, दुसरं कुंडीला, आणि तिसरी नोंद वहीत. रोपं शेतात लावली की ओळी आणि जागेचा नकाशा काढा. अर्ज करताना वंशावळ, संकराचं साल, निवडीचं ठिकाण आणि रनरने पहिली वाढ कुठे केली हे सगळं विचारलं जातं. आठवणीतून लिहिलेली वंशावळ वादात टिकत नाही, कारण आता डीएनए चाचणीने जनक तपासता येतात.

बी उगवत नाही?

बहुधा दोन कारणं असतात. एक, बी थंडीत ठेवलेलं नसतं. फळ पूर्ण पिकल्यावर गर पाण्यात घुसळून दाणे वेगळे करा, तरंगणारे पोकळ दाणे फेका, आणि उरलेलं बी ओलसर अवस्थेत 4 अंशांच्या आसपास काही आठवडे ठेवा. दोन, बी मातीत गाडलेलं असतं. स्ट्रॉबेरीच्या बियाला उगवायला उजेड लागतो, ते पृष्ठभागावरच ठेवावं. उशिरा उगवलेली रोपंही जपा. फक्त आधी उगवलेली ठेवली तर नकळत तुम्ही एका वेगळ्याच गुणाची निवड करता.

निवडीच्या शेतात

प्रत्येक बियाचं रोप जनुकीयदृष्ट्या वेगळं असतं आणि सुरुवातीला तुमच्याकडे त्याचं एकच झाड असतं. एका झाडावरून उत्पन्नाचा अंदाज बांधू नका. पहिल्या वर्षी फक्त नको ते काढा: उघड रोगट, मऊ, बेचव. खरी तुलना रनरने वाढवलेल्या वाफ्यांत होते, आणि तीही शेजारी दोन-तीन प्रस्थापित वाण लावले तरच. पाऊस झाल्यावर सगळीच फळं पचपचीत लागतात. शेजारचा ओळखीचा वाण चाखला की दोष हवामानाचा आहे की रोपाचा हे लगेच कळतं.

चव आणि आकार यांवर सगळं लक्ष जातं आणि रनरकडे कुणी पाहत नाही. रनरच देत नाही असं झाड रोपवाटिकेला परवडत नाही, मग फळ कितीही गोड असो. फळं शीतगृहात काही दिवस ठेवून पाहणंही लोक शेवटपर्यंत टाळतात. आणि एकाच शेतातल्या निकालावर वाण जाहीर करणं तर धोक्याचंच: दिवसाची लांबी, थंडीचे तास आणि जमिनीतल्या बुरशी बदलल्या की क्रमवारी उलटीपालटी होते.

चौथ्या-पाचव्या वर्षी चांगली निवड एकाएकी खचली, पानं लहान झाली, तर वाण ‘उतरला’ असं म्हणण्याआधी विषाणूची चाचणी करा. मॉटल, क्रिंकल, माइल्ड यलो एज हे विषाणू मावा पसरवतो आणि एकटे असताना ते अनेक वाणांत लक्षणंच दाखवत नाहीत. दोन-तीन एकत्र आले की झाड बसतं. उष्णतोपचार आणि शेंड्याच्या उतीपासून वाढवलेली रोपं यांतून साठा शुद्ध करता येतो. मात्र प्रयोगशाळेत संजीवकांचा मारा जास्त झाला तर काही रोपं मूळ वाणापेक्षा वेगळी निघतात. प्रयोगशाळेतून आलेली रोपं फळावर आणून, मूळ झाडाशी ताडून मगच पुढे वाढवा.

हक्क मिळवताना

पहिला गैरसमज ‘पेटंट’ या शब्दाचाच. अमेरिकेत 1930 च्या कायद्यापासून रनर, कलम अशा मार्गांनी वाढणाऱ्या वाणाला वनस्पती पेटंट मिळतं आणि ते अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं चालतं. युरोपात वनस्पतींच्या वाणांना पेटंट मिळत नाही; तिथे पैदासकाराचा हक्क आहे, म्हणजे नवा वाण काढणाऱ्याला तो वाढवण्या-विकण्यासाठी मिळणारा वेगळा हक्क, स्ट्रॉबेरीसाठी 25 वर्षांचा. भारतातही पेटंट नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणी होते, पण त्यासाठी ते पीक अधिसूचित यादीत असावं लागतं. एका देशात मिळालेला हक्क दुसऱ्या देशात चालत नाही. कुठे कुठे विकायचं हे आधी ठरवा, मग अर्ज.

सर्वांत महाग पडणारी चूक नवेपणाची. पैदासकाराच्या हक्कासाठी सर्वसाधारण नियम असा की अर्जाच्या देशात विक्री सुरू होऊन एक वर्षापेक्षा जास्त काळ झालेला नसावा, आणि परदेशात, स्ट्रॉबेरीसारख्या पिकासाठी, चार वर्षांपेक्षा जास्त. यात फक्त रोपांची विक्री मोजतात असं समजू नका. तुमच्या संमतीने झालेली फळांची विक्रीही मोजली जाते. अमेरिकेत तर विक्रीइतकीच छापील माहितीही आड येते. प्रदर्शनात वाण मांडला, त्याचं वर्णन छापून आलं, आणि वर्ष उलटून गेलं की पेटंटचं दार बंद. चाचणीसाठी दुसऱ्याच्या शेतात रोपं द्यायची असतील तर लेखी करार करा. रोपांची मालकी कुणाची, रनर वाढवायचे नाहीत, फळांचं काय करायचं, शेवटी रोपं परत द्यायची की नष्ट करायची, हे सगळं त्यात हवं.

दुसरी मोठी गोष्ट जनकांच्या हक्काची. पैदासकाराच्या हक्काखाली दुसऱ्याचा संरक्षित वाण पैदाशीसाठी जनक म्हणून वापरायला सहसा मुभा असते. पण रोपं घेताना सही केलेल्या परवान्यात पैदाशीला बंदी असू शकते, आणि अमेरिकी पेटंटच्या बाबतीत ही मुभा गृहीत धरता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि त्याच्या माजी पैदासकाराची कंपनी यांच्यातल्या खटल्यात 2017 साली ज्यूरीने विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला. विद्यापीठाचे वाण परवानगीशिवाय संकरात वापरले, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. या क्षेत्रात मुरलेली माणसंही इथे अडकतात. पहिल्या संकराआधीच परवान्याचा कागद पूर्ण वाचा.

अर्जातलं वर्णन लिहिताना ‘गोड’, ‘भरपूर उत्पन्न’ अशी विशेषणं कामाची नाहीत. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे हे दाखवायचं असतं, आणि ते मोजता किंवा पाहता येणाऱ्या खुणांवरून. पाकळ्या एकमेकांवर चढतात की सुट्या राहतात, फळावरचे दाणे वर आलेले आहेत की खोलगट, निदलं फळाला चिकटून आहेत की उलटी वळलेली, असं बारीक बारीक लिहावं लागतं. रंग प्रमाण रंगतक्त्याशी ताडून लिहा आणि फोटो नैसर्गिक उजेडात काढा. तुलनेसाठी सोयीचा नव्हे, खरोखर सर्वांत जवळचा वाण घ्या. परीक्षक तो शोधतातच.

नावाबाबत एवढंच: वाणाचं अधिकृत नाव आणि ट्रेडमार्क वेगवेगळे ठेवा. अधिकृत नाव हक्क संपल्यावरही सर्वांना वापरायला मोकळं असावं लागतं.

हक्क मिळाल्यावर दोन गोष्टी लागतात. जिथे वार्षिक शुल्क आहे तिथे ते वेळेवर भरणं, आणि अस्सल मातृरोपं जिवंत ठेवणं. यंत्रणेने मागितल्यावर वाणाचं खात्रीचं साहित्य देता आलं नाही तर पैदासकाराचा हक्क रद्द होऊ शकतो. मातृरोपं मावा शिरणार नाही अशा जाळीत, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि दर हंगामात त्यांची फळं मूळ वर्णनाशी ताडून पाहा.