बाईसोबत पोलीस स्टेशनला जायची वेळ आली तर

रात्री अकराला शेजारची पोरगी दारात उभी, ओठ फुटलेला, कडेवर लेकरू, आणि म्हणते काकी चला ना माझ्याबरोबर. अशा वेळी सोबत जाणाऱ्या काकीसाठी, मावशीसाठी हे लिहितेय. ठाणे शहरात आणि इकडे नवी मुंबईत घणसोली-कोपरखैरण्याला मी बऱ्याच जणींसोबत गेलेय आणि माझं पक्कं मत झालंय की केस कोर्टात जाते वर्षा-दोन वर्षांनी, पण ती टिकणार की पडणार हे पहिल्या दिवशीच्या कागदावरच ठरतं.

घरातली मारहाण असेल तर बऱ्याचदा 'नवरा-बायकोचं भांडण' म्हणून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून देतात, हातात कागद आला की बाईला वाटतं तक्रार झाली. तसं नसतं, एनसीवर मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करूच शकत नाहीत. नवऱ्याने-सासरच्यांनी केलेला छळ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९८अ, आणि बाईने स्वतः किंवा तिच्या आईबापाने-भावाने सांगितलं की तो दखलपात्र गुन्हा होतो, म्हणजे पोलीस कोणाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात, म्हणून ठाणे अंमलदारासमोर, म्हणजे स्टेशनात तक्रार लिहून घेणाऱ्या ड्युटीवरच्या पोलिसासमोर, बसून एफआयआरच मागायचा. नाहीच घेतला तर तीच तक्रार लेखी डीसीपी (पोलीस उपायुक्त) ऑफिसला पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आणि घटना रबाळ्याच्या हद्दीतली आणि तुम्ही नौपाड्याच्या पोलीस स्टेशनात असाल तरी झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला एफआयआर, घ्यावाच लागतो, हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका.

जबाब लिहिताना तिचे शब्द तिचेच राहू द्या. हे मी कितीदा सांगितलं असेल देव जाणे. ती म्हणते 'पट्ट्याने मारलं, गणपतीच्या आदल्या दिवशी, सासूबाई तिथेच होत्या' आणि कागदावर येतं 'शारीरिक व मानसिक छळ केला', झालं, पुढे उलटतपासणीत वकील विचारतो पट्ट्याचं तेव्हा का नाही सांगितलं? तारीख आठवत नसेल तर सण, पोराची परीक्षा, काय आठवेल ते लिहायला सांगा, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका. पहिली घटना, सगळ्यात वाईट घटना आणि आत्ताची, एवढं तरी यायलाच हवं. सही करायच्या आधी वाचून दाखवायला लावा, एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

लैंगिक अत्याचार असेल तर जबाब महिला अधिकारीच घेणार, आणि तोही तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, सोबत घरचं माणूस किंवा वस्तीतली सामाजिक कार्यकर्ती बसू शकते. आधी हॉस्पिटलला गेलात तरी चालतं, सरकारी असो वा प्रायव्हेट, उपचार लगेच आणि मोफत द्यायचेच असा कायदा आहे. जमलं तर अंघोळ करू नका, पण केली असेल तरी मेडिकल करा, चार दिवसांपर्यंत नमुने घेतात. अंगावरचे कपडे न धुता, सुकवून कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये दमट राहून खराब होतात. तपासणीला तिची संमती लागते, आणि टू-फिंगर टेस्टवर (योनीत दोन बोटं घालून करतात ती तपासणी) सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट बंदी सांगितलीय, कोणी करायला निघालं तर तिथेच थांबवा.

व्हॉट्सॅपचे मेसेज, धमक्यांचं रेकॉर्डिंग, काही डिलीट करायचं नाही, आणि फोन बदलायचा नाही, स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोनला किंमत आहे. मार लागलेल्या जागेचे फोटो आज काढा आणि दोन-तीन दिवसांनी परत काढा, काळंनिळं नंतर जास्त दिसतं.

आणि गुन्हा नोंदवायचाच नसेल, फक्त मार थांबायला हवा असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी अर्ज करायला मदत करतात, मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घरापासून लांब ठेवू शकतात, खर्चाला पैसे द्यायला लावू शकतात, अगदी एकतर्फी अंतरिम आदेश, म्हणजे नवऱ्याचं ऐकायच्या आधीच तात्पुरता हुकूमसुद्धा देतात. फ्लॅट सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून बाईला रातोरात बाहेर काढता येत नाही. ऐरोलीची मुलगी माहेरी डोंबिवलीला गेली असेल तर तिकडच्या कोर्टातही अर्ज चालतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१०० ला फोन करा, बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. तातडीला ११२, आणि महिलांसाठी १८१.

केस कोर्टात गेली की साक्षीची तारीख लागायच्या आधी सरकारी वकिलांना एकदा भेटवा, तिचाच जबाब तिला शांतपणे वाचायला द्या, आणि जे आठवत नाही ते 'आठवत नाही' म्हणायचं, हे सांगून ठेवा. बलात्काराच्या केसमध्ये सुनावणी बंद दाराआड होते, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं आणि त्या भीतीनेच त्या मागे सरतात. साक्षीच्या दिवशी लेकराला सांभाळायला कोण, आणि कोर्टापर्यंत तिच्याबरोबर कोण, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.